लॅव्हेंडरची काढणी आणि छाटणी: कात्रीखाली हिरवं राहिलं पाहिजे

घर घेतलं तेव्हा पुढच्या दारापाशी लॅव्हेंडरची तीन झुडपं आयती मिळाली. लांबून बघितलं तर जांभळे ढीग, वाकून बघितलं तर खाली दोन वीत नुसत्या राखाडी काटक्या. पहिल्याच मार्चमध्ये मी निफाडला मामांना फोन लावला. मामांचा जन्म द्राक्षबागेत गेलाय. फोटो बघून ते म्हणाले, "अगं, एवढा काय विचार करते? खरड छाटणी मार. महिन्याभरात फुटव्यांनी भरून जाईल बघ."

द्राक्षाच्या बाबतीत ते खरंच आहे. एप्रिलमध्ये काडी एक-दोन डोळ्यांवर, म्हणजे फूट निघते त्या गाठींवर, खरडून टाकली की वेल जोमाने फुटतो. मीही तिन्ही झुडपं जमिनीपासून वीतभर ठेवून साफ केली. एप्रिल गेला, मे गेला. जूनमध्ये व्हिडिओ कॉलवर मामांना खोड दाखवलं, नखाने साल खरवडून दाखवली. आत हिरवं नाहीच, सगळं कोरडं आणि तपकिरी. मामा बराच वेळ मोबाइलमध्ये डोळे घालून बसले आणि म्हणाले, "ह्याला डोळेच नाहीत गं कुठं."

लॅव्हेंडरची सगळी छाटणी त्या एका वाक्यात आली. द्राक्ष, गुलाब, जास्वंद यांच्या जुन्या लाकडात झोपलेले डोळे असतात, कात्री लागली की ते जागे होतात. लॅव्हेंडरच्या जुन्या, पानं गेलेल्या लाकडातून नवी फूट सहसा येत नाही. म्हणून कापायचं ते पान असेल तिथवरच. कापून झाल्यावर कात्रीच्या खाली हिरवं दिसलं पाहिजे. पण तेवढ्या भीतीने कापायचंच सोडलं तर हिरवं दरवर्षी वर सरकत जातं, खालचं लाकूड वाढतं, झुडूप मधोमध फाकतं आणि काही वर्षांत माझ्या त्या तिघांसारखी गत होते. थोडं कापायचं, पण दरवर्षी कापायचं.

मी राहते बेडफर्डजवळ, इंग्लंडात. खालचे महिने इथल्या हवेचे आहेत. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि पुणे-नाशिकसाठी काय बदलायचं ते पुढे सांगितलं आहे.

तुमच्याकडचं लॅव्हेंडर कोणतं?

हे ठाऊक नसेल तर महिना चुकतो, म्हणून आधी पान बघा.

पान अरुंद, सरळ कडेचं, राखाडी-हिरवं आणि झुडूप गुडघ्याच्या आसपास असेल तर ते बहुधा इंग्लिश लॅव्हेंडर. नाव इंग्लिश, मूळ भूमध्य समुद्राकाठच्या डोंगरांतलं. गडद जांभळं 'हिडकोट' आणि त्याहून फिकं 'मन्स्टेड' या दोन जाती इथल्या जवळजवळ प्रत्येक गल्लीत दिसतात. हिडकोटचं नाव ग्लॉस्टरशरमधल्या हिडकोट मॅनॉरवरून आलं, मन्स्टेडचं सरेमधल्या मन्स्टेड वूडवरून. ती प्रसिद्ध बागरचनाकार गर्ट्रूड जेकिल यांची बाग. यांचा बहर जूनअखेर ते जुलै.

झुडूप कमरेपर्यंत, देठ लांबलचक, पान चुरगळलं की कापराचा वास नाकात शिरतो, ते लॅव्हेंडिन. हा संकर आहे, 'ग्रोसो' ही त्यातली प्रसिद्ध जात. फ्रान्समधल्या प्रोव्हान्सच्या फोटोंत क्षितिजापर्यंत जांभळ्या रांगा दिसतात त्या बहुतेक याच्याच. ते इंग्लिशच्या दोन-तीन आठवडे मागून फुलतं.

कणसाच्या टोकाला सशाच्या कानांसारख्या पाकळ्या उभ्या असतील तर ते स्टोकस. इथे त्याला फ्रेंच म्हणतात, अमेरिकेत स्पॅनिश. मे महिन्यातच फुलतं, थंडी फारशी सोसत नाही आणि जोरकस छाटणी तर अजिबात नाही. पानांच्या कडा दातेरी असतील तर ते डेंटाटा. ते उबदार हवेचं, आपल्याकडे कुंडीत टिकलं तर बहुधा हेच टिकतं.

एप्रिल: हात आवरा

हिवाळ्याने काळी पडलेली टोकं बघून हात शिवशिवतात. थांबा. नवी पानं फुटेपर्यंत काय मेलंय आणि काय नुसतं झोपलंय ते कळत नाही. पानं दिसायला लागली की फक्त मेलेली टोकं काढा. शेणखत, कंपोस्ट काहीही घालू नका. खताने पानं माजतात, देठ लुळे पडतात आणि जून महिन्यातल्या पहिल्या वादळी पावसात झुडूप मधोमध फाटतं. आपल्याला झाडाला खाऊ घालायची सवय असते, ती इथे मोडावी लागते.

जुलै: काढणी

एक कणीस हातात घेऊन जवळून बघा. आपण ज्याला फूल म्हणतो ते दोन भागांचं असतं. बाहेर बारीक लव असलेली जांभळट-राखाडी नळी, आणि तिच्यातून डोकावणारं इवलंसं दोन ओठांचं फूल. ओठांचं फूल दोन दिवसांत तपकिरी होऊन गळतं. सुगंधी तेलाच्या ग्रंथी मुख्यतः बाहेरच्या नळीवर असतात आणि वाळल्यावर रंगही तीच धरून ठेवते. म्हणजे सगळी फुलं उमलायची वाट बघत बसलं की वाळल्यावर कणीस तपकिरी, विस्कटलेलं दिसतं आणि टेबलावर सडा पडतो. माझ्या पहिल्या दोन वर्षांच्या जुड्या अशाच गेल्या.

वाळवून जुडी ठेवायची असेल किंवा स्वयंपाकात वापरायची असेल, तर कळ्यांना पुरता रंग चढलेला आणि कणसावर जेमतेम दोन-चार फुलं उमललेली, अशा वेळी कापा. नुसत्या पुरचुंड्या करायच्या असतील तर अर्धी उमलेपर्यंत थांबलं तरी चालतं. तेल काढणारे त्याहूनही थांबतात, निम्मी-अधिक फुलं सुकेपर्यंत. पण घरच्या चार झुडपांतून तेल काढायच्या फंदात पडू नये. पातेलंभर फुलांतून चमचाभरही निघत नाही.

सगळी कणसं एकाच दिवशी तयार होत नाहीत. दक्षिणेकडची बाजू आधी, भिंतीकडची मागून. मी आठवड्याच्या अंतराने दोनदा कापते.

वेळ सकाळची. दंव उडालेलं असावं आणि ऊन तापायचं असावं, इथे साधारण नऊ ते अकरा. आदल्या दिवशी पाऊस नको, दोन दिवस कोरडे गेले असतील तर उत्तम. जमिनीला वाफसा येतो तसा या फुलांनाही येतो: कणीस हाताला ओलं लागत नाही, पण कडकही लागत नाही. ओली कापली तर जुडीच्या पोटात बुरशी धरते आणि ते आठ दिवसांनी वासावरूनच कळतं.

मधमाश्या नऊच्या आधीच कामाला लागलेल्या असतात. त्या डसायला येत नाहीत, पण मुठीत सापडली तर डसणारच. झुडपाला हलकेच हात फिरवा, त्या उठून बाजूच्या झुडपावर जातील, मग मूठ भरा. मी चारातलं एक झुडूप त्यांच्यासाठी सोडते, ते ऑगस्टमध्येच कापते.

आता हात कसे चालवायचे ते. डाव्या हाताच्या अंगठ्याची आणि तर्जनीची कडी करून देठ गोळा करा. कडीत मावतील तेवढे, सत्तर-ऐंशी, ही एक जुडी. कणसं एका उंचीला आली की उजव्या हाताने पानांच्या किंचित वर, हिरव्या देठात कापा. मी निफाडहून आणलेला दातेरी विळा वापरते. शेजारच्या आजी पहिल्यांदा दचकल्या, मग त्यांनीच सांगितलं की लंडनच्या दक्षिणेला मिचमच्या शेतांवर बायका विळ्यानेच लॅव्हेंडर कापायच्या. विळ्याने कापताना धार आपल्याकडे येते, म्हणून डावा हात विळ्याच्या वर ठेवायचा. सवय नसेल तर सरळ सिकेटर, म्हणजे छाटणीची छोटी कात्री घ्या, वेळ थोडा जास्त जातो इतकंच.

जुडी बांधायला रबरबँडच. दोऱ्याने बांधलेली जुडी देठ आकसले की सैल होते आणि रात्री कधीतरी धपकन खाली येते. रबर आकसत जातं. जुडीची मूठ रुपयाच्या जुन्या मोठ्या नाण्यापेक्षा जाड करू नका.

वाळवण, पण उन्हात नाही

कुरडया-पापडांचं वाळवण डोक्यात असलेल्या माणसाला हे पटायला जड जातं. ऊन लागलं की चार दिवसांत जांभळ्याचं राखाडी होतं आणि वासही उडतो. अंधारी, कोरडी, वारा खेळता असलेली जागा शोधा. आमच्याकडे जिन्याखालचं कपाट आहे. त्यात दांडीला पेपरक्लिप उघडून केलेले आकडे आणि त्यांना उलट्या टांगलेल्या जुड्या. दार किलकिलं ठेवते. खाली जुनी चादर. हवेनुसार दहा दिवस ते तीन आठवडे लागतात.

झालं का हे देठाला विचारायचं. जुडीच्या पोटातला एक देठ काढून वाकवा. कट्कन मोडला तर झालं, नुसता वाकला तर अजून चार दिवस.

मग परात घ्या आणि हुरडा चोळतो तशी कणसं तळव्यांत चोळा. कळ्या सुटतात, त्यांच्याबरोबर देठाचे तुकडे आणि पानांचा चुराही येतो. आधी रव्याच्या चाळणीतून धूळ खाली काढा, मग सुपात घेऊन पाखडा. सूप नसेल तर पंख्यासमोर एका परातीतून दुसरीत ओतलं तरी कचरा उडतो. कळ्या काचेच्या बरणीत भरून दोन दिवसांनी झाकण उघडून बघा. आतून बाष्प धरलेलं दिसलं तर लगेच बाहेर काढून पुन्हा पसरा. बरणी अंधारात ठेवली तर वर्षभर वास टिकतो.

आईच्या जुन्या सुती साड्यांच्या काठाच्या मी हाताएवढ्या पिशव्या शिवते आणि कळ्या भरून लोकरीच्या कपड्यांत ठेवते, डांबरगोळ्यांच्या जागी. वास मंदावला की पिशवी मुठीत दाबायची, परत येतो.

स्वयंपाकात फक्त इंग्लिश लॅव्हेंडर घ्या. लॅव्हेंडिनमधला कापूर तोंडात कडू उतरतो. आणि हात फार आखडता ठेवा. पहिल्या वर्षी मी अर्धा किलो चक्क्यात दोन चमचे कळ्या घातल्या. घरात त्याला अजून 'अंघोळीचं श्रीखंड' म्हणतात. आता अर्धा छोटा चमचा कळ्या साखरेबरोबर मिक्सरमधून काढते, चाळून तेवढीच साखर घालते, आणि वेलदोडा त्या दिवशी बाहेर ठेवते. नर्सरीतून नुकतं आणलेलं झुडूप असेल तर पहिल्या हंगामाची फुलं पोटात घालू नका, त्यांवर कसली फवारणी झाली असेल ते आपल्याला दिसत नाही.

ऑगस्ट: छाटणी

तुम्ही जुलैमध्ये कापणी केली असेल तर निम्मं काम झालेलंच आहे. उरलेलं ऑगस्ट संपायच्या आत उरका. छाटणीनंतर बारीक फूट येते आणि थंडी पडायच्या आधी तिला जून व्हायला पाच-सहा आठवडे लागतात. सप्टेंबरअखेर कापलेल्या झुडपाची कोवळी फूट पहिल्याच हिमकणांत काळी पडते. स्कॉटलंडमध्ये असाल तर पंधरवडाभर आधीच कापा.

कोरडा दिवस बघा. सिकेटरला धार लावा आणि पाती स्पिरिटने पुसा. बोथट पात्याने देठ कापला न जाता चिरडतो आणि चिरडलेला भाग सडतो. झुडपं जास्त असतील तर कुंपण कापायची मोठी कात्री बरी, पण पहिल्या वर्षी सिकेटरनेच एक झुडूप करा. हाताला अंदाज येतो.

आधी उरलेले सगळे फुलांचे देठ काढून टाका, म्हणजे झुडपाचा खरा आकार दिसतो. मग खाली बसा, दोन्ही हातांनी झुडूप केस बाजूला करावेत तसं उघडा आणि एक फांदी वरून खाली बोटाने चाचपत जा. वरचा भाग मऊ, राखाडी-हिरवा, भरपूर पानांचा. ही यंदाची वाढ. त्याखाली देठ तपकिरी व्हायला लागतो, पण त्यावर पेराला पेराला तांदळाच्या दाण्याएवढे हिरवे कोंब चिकटलेले दिसतील. त्याच्याखाली साल उललेली, बोट फिरवलं तर खरखरीत, एकही कोंब नाही. ते मेलेलं लाकूड नव्हे, झाड त्याच्यावर उभं आहे, पण तिथून नवीन काही निघणार नाही.

कात्री चालवायची ती वरच्या भागात. मऊ वाढीचा निम्मा-अधिक भाग जाऊ द्या, पण तांदळाएवढ्या कोंबांच्या वर दोन-तीन सेंटिमीटर पानांचा देठ शिल्लक ठेवा. पहिल्या फांदीवर कुठे कापायचं ते असं नीट बघून ठरवा, मग तीच उंची धरून बाकीचं कापत जा. चार-पाच घावांनंतर उठून मागे व्हा आणि लांबून बघा. मी न उठता कापत राहिले की एक बाजू हमखास खोल जाते.

आकार उपड्या टोपलीसारखा. माथा गोल आणि बाजू खालपर्यंत उतरत्या. लोक माथा कापतात आणि बाजू विसरतात. मग बाजूच्या फांद्या लांबतात, पावसाने आडव्या होतात आणि झुडूप उमलल्यासारखं पसरतं. कडेने कापताना खालच्या फांद्या मातीला टेकत असतील तर त्या थोड्या वर घ्या, खाली वारा जायला हवा. आत वाळलेली, ठिसूळ झालेली एखादी फांदी सापडली तर ती मात्र बुडाशी काढायची. तिच्याकडून कसलीच अपेक्षा नाही.

झाल्यावर झुडूप शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी न्हाव्याकडून आलेल्या पोरासारखं दिसतं. घाबरू नका. तिसऱ्या आठवड्यात त्यावर हिरवी लव येते.

स्टोकसचं गणित निराळं. मे-जूनचा पहिला बहर संपला की सुकलेली कणसं थोड्या पानांसकट काढा, बहुतेक वेळा पुन्हा फुलतं. ऑगस्टमध्ये नुसता आकार द्या, खोल जाऊ नका.

नवीन लावलेल्या झुडपाची पहिल्या वर्षीची फुलं खुडून टाकायची असतात. हे जिवावर येतं, मला दरवेळी येतं. पण शेंडा खुडला की बाजूने फुटवे येतात, आणि पहिल्या दोन वर्षांत झुडूप जेवढं बुडाशी दाटतं तेवढं ते पुढे फाकत नाही.

वाढून लाकूड झालेलं झुडूप

असं घराबरोबर मिळालं असेल तर माझ्यासारखं एका दिवसात खरडू नका. मे महिन्यात खाली वाकून बघा. जुन्या लाकडावर कुठेकुठे आपोआप बारीक कोंब आलेले दिसतात का? दिसले तर तिसरा हिस्सा फांद्या त्या कोंबांच्या जरा वर कापा, बाकीच्या तशाच ठेवा. कापलेल्या फांद्या फुटल्या तर पुढच्या मेमध्ये आणखी तिसरा हिस्सा. अशी तीन वर्षं जातात आणि दर वेळी झुडूप बाजूने टकलं दिसतं. कोंब दिसलेच नाहीत तर त्याच्यावर वेळ घालवू नका. त्याच्या हिरव्या टोकांची कलमं करा आणि ते उपटा. चांगलं सांभाळलेलं लॅव्हेंडर साधारण आठ-दहा वर्षं देखणं राहतं, त्यानंतर ते म्हातारंच असतं.

माती आणि किडी, थोडक्यात

बेडफर्डच्या आजूबाजूची माती म्हणजे विटांची माती. जवळच्या स्टुअर्टबीला याच चिकणमातीच्या विटा भाजायचा भला मोठा कारखाना होता. हिवाळ्यात ती पाणी धरून बसते, आणि लॅव्हेंडर थंडीपेक्षा ओल्या पायांनी मरतं. मी वीतभर उंच वरंबा करून, मातीत बारीक खडी मिसळून त्यावर लावलं. एकदा मुळं धरली की जमिनीतल्या झुडपाला पाणी घालायला मी जात नाही.

देठावर थुंकल्यासारखा फेस दिसला तर तो एका छोट्या किड्याचा घरोबा आहे, झाडाला त्याचा फारसा त्रास नाही. हिरव्या-जांभळ्या पट्ट्यांचा चकचकीत भुंगेरा दिसला तर तो मात्र पानं खातो. झुडपाखाली कागद पसरून फांद्या झटका आणि पडलेले वेचा.

बाकीच्या ठिकाणी

शिकागो, टोरोंटोसारख्या बर्फाच्या गावी शरद ऋतूत फक्त फुलांचे देठ काढा, मुख्य छाटणी वसंतात नवी पानं दिसल्यावर करा. वर राहिलेली पानं बर्फात खालच्या कोंबांना पांघरूण होतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला ही भीती नाही, बहर संपला की कापा. ऑस्ट्रेलियात सगळं उलटं: टास्मानियातल्या ब्राइडस्टोच्या शेतांवर डिसेंबर-जानेवारीत बहर असतो, म्हणून घरची छाटणीही फेब्रुवारी-मार्चमध्ये.

आणि पुणे-नाशिक. ताई कोथरूडच्या गच्चीत गेली काही वर्षं याच्याशी झटते आहे. भारतात लॅव्हेंडर खऱ्या अर्थाने रमलं ते जम्मूच्या डोडा जिल्ह्यात, भद्रवाहच्या डोंगरांवर. जम्मूच्या सीएसआयआर-आयआयआयएम या सरकारी संशोधन संस्थेच्या मदतीने तिथल्या शेतकऱ्यांनी मक्याच्या जागी ते लावलं आणि २०२२ साली तिथे लॅव्हेंडरचा महोत्सवही भरला. तिथली थंडी कोथरूडला आणता येत नाही, त्यामुळे इंग्लिश लॅव्हेंडर इथे पानं देतं आणि फुलांचं टाळतं. दातेरी पानांचं डेंटाटा आणा. दहा-बारा इंची मातीची कुंडी, निम्मी माती आणि निम्मी जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे. नर्सरीतली कोकोपीटची ढेप तशीच ठेवू नका, ती पावसाळ्यात स्पंजासारखी ओली राहते.

इथला वैरी थंडी नसून जून ते सप्टेंबर आहे. म्हणून छाटणीही पावसाच्या तालावर. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलं संपली की शेंडे हलके कापा. मे अखेर झुडूप उघडून आतल्या दाटीतल्या काही फांद्या आणि मातीला टेकलेली पानं काढा, म्हणजे दमट हवेत आत वारा जाईल. पावसाळाभर कुंडी पत्र्याखाली पण उघड्या वाऱ्यावर ठेवा, आणि त्या चार महिन्यांत कात्री लावूच नका. ओल्या हवेत प्रत्येक घावातून सड आत शिरते. ऑक्टोबरचं ऊन पडलं की पुन्हा शेंडे खुडा, हिवाळ्यातली फुलं त्या फुटव्यांवर येतात. ताईला वर्षाला दोन-तीन मुठी फुलं मिळतात, त्यात ती खूश आहे.

छाटलेल्या टोकांची कलमं

ऑगस्टच्या ढिगाऱ्यातून फूल न आलेली, आठ-दहा सेंटिमीटरची निरोगी टोकं निवडून ठेवा. खालच्या निम्म्या भागातली पानं अलगद ओरबाडून काढा, पेराच्या लगेच खाली तिरका काप द्या. निम्मं कंपोस्ट, निम्मी वाळू भरलेल्या छोट्या कुंडीत कडेकडेने पाच-सहा काड्या खोचा. मध्यभागापेक्षा कडेला पाणी साचत नाही. एकदा पाणी देऊन सावलीत ठेवा, वरची माती सुकल्याशिवाय पुन्हा नको. प्लॅस्टिकची पिशवी घालू नका, राखाडी पानांना कोंडलेली वाफ सोसत नाही. चार ते सहा आठवड्यांनी काडी हलकेच ओढून बघा, तिने धरून ठेवलं तर मूळ फुटलं. हिवाळा आडोशाला काढून पुढच्या एप्रिल-मेमध्ये जमिनीत.

गेल्या ऑगस्टमध्ये मामा इकडे आले होते. माझ्या वरंब्यावरच्या झुडपांपाशी उकिडवे बसले, एक फांदी उघडून तांदळाएवढे कोंब बघितले आणि "हे होय," एवढंच म्हणाले. मग खिशातून स्वतःचा चाकू काढला. मी एक काडी खोचेपर्यंत त्यांच्या चार व्हायच्या. बारा लावल्या, त्यातल्या अकरा लागल्या. बारावी कोणी लावली होती ते मामा फोनवर प्रत्येकाला सांगतात.